काळ्या डोळ्याची चवळी

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या स्वयंपाकघरात पुरुषमाणसाला उभे राहायला जागा नसते. परातीत भाजणी पसरलेली असते, डबे उन्हात पालथे घातलेले असतात आणि घरात जे जे म्हणून बसण्यासारखे असते, त्यावर कुठला ना कुठला सोऱ्या, झारा किंवा किसणी विराजमान झालेली असते. अशा वेळी शहाण्या माणसाने बाहेर ओसरीवर बसावे, आतून हाक आली तर 'आलो' म्हणावे आणि जाऊ नये, असा माझा वीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे.

परवा मात्र मी आत गेलो. त्या गोडाधोडाच्या धांदलीत आमची कन्या ताटात चवळी घेऊन निवडत बसली होती. फराळाचे पहिले दोन दिवस सरले की आमच्याकडे सर्वांनाच उसळ-भाकरीची आठवण होते. म्हणून सौ. चवळी आधीच निवडून ठेवते. कन्येने एक दाणा तळहातावर घेतला, त्याचा काळा डोळा माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, "बाबा, ह्याला इंग्रजीत काय म्हणतात, सांगा बघू?"

"ब्लॅक आइड पीज."

ती पाहतच राहिली. माझे इंग्रजी मॅट्रिकपाशी थांबले आहे, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. दहावी झाल्यावर मी चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे मुलांना फळ्यावर आंबा काढून दाखवतो आहे. त्यात इंग्रजीची गरज पडत नाही. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, त्यातही पडत नाही.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून त्या चवळीशी माझी ओळख आहे. आणि एक भांडणही आहे."

"चवळीशी कसलं भांडण?" सौ. कढईवरून म्हणाली. "निमूटपणे दोन वाट्या खाता की!"

तेव्हा हे भांडण नीट सांगितले पाहिजे.

लॉस एंजलिस शहरात ह्या नावाची एक गाणाऱ्यांची मंडळी आहे. गाणाऱ्यांची म्हणजे आधी बोलणाऱ्यांची. त्या प्रकाराला रॅप म्हणतात आणि ज्या सगळ्या घराण्याचे ते अपत्य, त्याला हिप-हॉप. आपले शाहीर डफावर जसे पवाड्यातले कथन करतात, तसे हे लोक तालावर बोलतात. सूर थोडा, शब्द पुष्कळ. १९९८ साली ह्या मंडळींची पहिली तबकडी निघाली, 'बिहाइंड द फ्रंट' नावाची. त्या सुमाराला मी कोल्हापुरात पदविकेचा अभ्यास करीत होतो. माझा एक मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. तो सुट्टीवर आला की कुठल्या कुठल्या बंदरांतली चित्रविचित्र वस्तू घेऊन येई. एकदा त्याने ह्या तबकडीची कॅसेट आणली आणि आपल्याला काही कळत नाही म्हणून मला देऊन टाकली.

मलाही काही कळले नाही. पण माझ्या खोलीत गणित घेऊन बी. एस्सी. करणारा एक मित्र होता आणि न सुटलेले उदाहरण तसेच सोडून देणे त्याच्या स्वभावात नव्हते. आम्ही एक शंभर पानी वही घातली. कॅसेट चार शब्द चालवायची, थांबवायची, मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची. तो ऐकून लिही आणि मी शब्दकोश उघडी. निम्मे शब्द कोशात नसत. मग त्यांचा अर्थ आम्ही आपल्या मनाने लावीत असू आणि तो बहुधा मूळच्यापेक्षा भारदस्त होत असे! त्या काळी त्या शहरातून येणाऱ्या पुष्कळशा रॅपमध्ये बंदुकांची आणि टोळ्यांची भाषा असे. ह्या पोरांच्या गाण्यांत ती नव्हती. खरी वाद्ये वाजत होती आणि त्यांच्यावर शब्द खेळत होते. ही मंडळी आपण दोघांनीच शोधून काढली आहे, असे आम्हाला वाटू लागले. चांगली गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असण्यात जो एक गुप्त आनंद असतो, तो आम्ही मनमुराद भोगला.

पुढे त्यांची हकीकत वाचायला मिळाली, तेव्हा तर जिव्हाळा वाढलाच. विल्यम अ‍ॅडम्स हा लॉस एंजलिसच्या पूर्व भागातल्या सरकारी चाळींत वाढलेला कृष्णवर्णी मुलगा. आसपास बहुतेक मेक्सिकन वस्ती. अ‍ॅलन पिनेडा हा फिलिपिन्समधला. आई तिथली, बाप अमेरिकन विमानतळावरचा सैनिक, जो कुटुंब सोडून निघून गेला. चौदाव्या वर्षी एका अमेरिकन गृहस्थाने त्याला दत्तक घेतले आणि शाळेत त्याची विल्यमशी गाठ पडली. १९९२ साली, मिसरूडही फुटले नव्हते त्या वयात, दोघांना तबकडीचा करार मिळाला. गाणी तयार झाली, पण तबकडी बाहेर पडलीच नाही. ज्याने करार दिला तो ईझी-ई १९९५ साली वारला. मग मेक्सिकन आणि मूळ अमेरिकन रक्ताचा हैमे गोमेझ त्यांना येऊन मिळाला आणि तिघांनी चवळीचे नाव घेऊन नव्याने मांडामांड केली. माझीही पहिली कादंबरी त्या वेळी चार ठिकाणांहून साभार परत आली होती. तेव्हा ही माणसे मला नात्यातली वाटली, यात नवल नाही.

२००३ साली त्यांच्या 'एलिफंक' ह्या तबकडीवर 'व्हेअर इज द लव्ह?' हे गाणे आले. न्यूयॉर्कचे मनोरे २००१ साली पडले, त्यानंतरच्या द्वेषाविषयीचे आणि युद्धाविषयीचे ते गाणे. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे यादीच्या डोक्यावर होते. त्याच तबकडीवर अ‍ॅलनने आपल्या गावाविषयी एक गाणे केले आणि त्याचे ध्रुवपद चक्क तागालोग भाषेत ठेवले. मात्र तबकडीवर फर्गी नावाची एक नवी गायिकाही होती आणि सूर वाढू लागला होता. माझा मित्र त्या वेळेपर्यंत आमच्याच तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवू लागला होता. त्याने चष्मा पुसत पहिली तक्रार नोंदवली, "शब्द कमी झालेत. मोजून बघ."

पण २००५ साली एक मौज झाली. एका रात्री दहा वाजता हा गृहस्थ सायकल दामटीत माझ्या दारात हजर! धापा टाकीत म्हणाला, "अरे, आपल्या आशाताई!" मंडळींच्या 'मंकी बिझनेस' ह्या नव्या तबकडीवर एक गाणे होते आणि त्यात दोन हिंदी चित्रपटगीतांचे तुकडे विणलेले होते. एक 'अपराध'मधले, १९७२ सालचे. दुसरे 'डॉन'मधले, १९७८ सालचे, ज्याच्यावर हेलन नाचली होती. दोन्हींचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे आणि दोन्ही गाणी आशा भोसल्यांची. आशाताईंचा जन्म १९३३ साली सांगलीत झाला आणि सांगली आमच्या गावाहून एस. टी.ने तासाभराच्या वाटेवर! त्या रात्री आम्ही ते गाणे किती वेळा ऐकले याचा हिशेब नाही. २००६ साली त्याला रॅपसाठीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेव्हा मित्राने पेढे वाटले.

आज विचार करतो तेव्हा माझे मलाच हसू येते. ते गाणे नाचाचेच होते. त्यात विचार म्हणून काही शोधायला गेले तर हाती लागणार नाही. पण त्यात आमचे माणूस होते, म्हणून आम्हाला 'बाजार' हा शब्द आठवला नाही. तो आठवायला २००९ साल उजाडावे लागले.

त्या वर्षीच्या जूनमध्ये 'द ई. एन. डी.' नावाची तबकडी निघाली. शेवट ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द, पण अक्षरे सुटी केली की 'शक्ती कधी मरत नाही' असे वाक्य होते. वाद्ये जवळजवळ गेली होती. त्यांच्या जागी यंत्रातून निघालेला एकसारखा ठोका आला होता आणि माणसांचे आवाजही यंत्रातून गाळून काढलेले. एका गाण्याला डेव्हिड गेटा ह्या फ्रान्समधल्या नाचघरांच्या बादशहाने साज चढवला होता. 'आय गॉटा फीलिंग' हेच ते गाणे. संध्याकाळी घराबाहेर पडून मजा करायची, एवढाच त्याचा आशय. आणि काय चालले म्हणता ते! 'बूम बूम पॉव' हे गाणे अमेरिकेच्या यादीत बारा आठवडे पहिले राहिले आणि ते खाली उतरले तो हे दुसरे त्याच जागी चढून चौदा आठवडे बसले. म्हणजे सलग सव्वीस आठवडे, अर्धे वर्ष, एकाच मंडळींचे! त्या सप्टेंबरात शिकागोच्या भर रस्त्यात सुमारे वीस हजार माणसे ह्या गाण्यावर एकदम एकच नाच नाचली. २०१० साली त्यांना पुन्हा ग्रॅमी मिळाले, पण ह्या वेळी रॅपसाठी नव्हे, पॉपसाठी. बक्षीस देणाऱ्यांनीच त्यांचे दप्तर ह्या कपाटातून त्या कपाटात ठेवले.

मित्राने ती तबकडी एकदाच ऐकली. मग शांतपणे म्हणाला, "उसळीत साखर घातली. विकले गेले रे!"

"विकले गेले," मीही म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने म्हणालो.

वाचकहो, आता मुख्य कबुली. हे मी म्हणालो त्याच्या आधी तीन आठवडे मी माझ्या तिसऱ्या कादंबरीचे हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती ठेवून आलो होतो.

माझी पहिली कादंबरी जत भागातल्या एका ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबाची होती. चारशे पाने. दुसरीही तिच्याच गोत्राची. दोन्हींचे मानधन म्हणून मला पुस्तकांच्याच प्रती मिळाल्या आणि त्या पलंगाखाली बांधून ठेवलेल्या होत्या. २००८च्या पावसाळ्यात आमच्या वाड्याचे छप्पर गळू लागले आणि गळायला जागा निवडली ती नेमकी कन्येच्या पाळण्यावरची. ती चार महिन्यांची होती. आम्ही पाळणा सरकवला, मग धार सरकली. त्या रात्री पातेल्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकत मी तिसरी कादंबरी मनाशी जुळवली. शहरातली एक गृहनिर्माण संस्था, तिथे होणारी एक चोरी, एक जमत-जमता मोडणारे लग्न आणि शेवटी सगळे गोड. चार महिन्यांत लिहून झाली. वर्षाच्या आत दुसरी आवृत्ती निघाली. छपरावर नवी कौले चढली.

मित्र घरी आला. चहा समोर होता. तो म्हणाला, "तुझं पुस्तक आमच्या हिनं एका दुपारी वाचून संपवलं."

मी हसलो. मला ती शाबासकी वाटली.

"पहिलं वाचायला मला पंधरा दिवस लागले होते," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठला.

भांडण असे ह्यापेक्षा जास्त झाले नाही. मोठे भांडण झाले असते तर बरे, ते मिटवता तरी येते. त्याचे येणे कमी झाले, मग थांबले. पंधरा वर्षे आम्ही एस. टी. स्टँडवर दिसलो तर 'काय, कसं काय?' म्हणत आलो. त्याने मंडळींना जे म्हटले तेच मला म्हटले होते आणि मंडळींना तसे म्हणण्यात मी त्याच्या सुरात सूर मिळवला होता. तेव्हा तक्रार तरी कुठल्या तोंडाने करावी?

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी नाचासाठी नेमके तेच संध्याकाळी मजा करण्याचे गाणे निवडले. पडदे रंगवायचे काम माझ्याकडे असल्यामुळे मी तालमीला हजर असे. मी नाक मुरडले. मुख्याध्यापक म्हणाले, "नाचू द्या हो सर, वर्षभर तर बाकांवर बसवतो आपण त्यांना." त्या मुलांत आठवीतला एक पोरगा होता. उसाच्या हंगामात आईबापांबरोबर आलेला, फडाजवळच्या खोपटात राहणारा. माझ्या तासाला तो शेवटच्या बाकावर बसे आणि कागदावर फक्त बैल काढी. आंबा काढ म्हटले तरी बैल. तोंडातून शब्द नाही. नाचाच्या रांगेत ऐन वेळी एक मुलगा कमी पडला, म्हणून त्याला कुणाचा तरी झगझगीत शर्ट घालून उभे केले.

तो नाचला ते मी विंगेतून पाहिले. त्या गाण्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता. मला कळत होते ते तरी काय मोठे होते! पण ठोका पडला की त्याचे खांदे आधी हलत आणि बाकीची मुले मागून. नाच संपला, टाळ्या पडल्या. तो विंगेत आला, घामाने निथळत होता. माझ्याकडे पाहून हसला आणि म्हणाला, "सर, बघितलंसा का?"

त्याच्या तोंडचे मी ऐकलेले ते पहिले पुरे वाक्य.

त्या रात्री घरी येऊन मी पलंगाखालून पहिली कादंबरी काढली. ती त्याच्यासारख्याच घराची गोष्ट. तिच्यात त्याच्याच वयाचे एक पोर आहे. मी पाने उलटीत गेलो. चारशे पानांत ते पोर एकदाही हसत नाही.

ह्याचा अर्थ ते गाणे थोर आणि माझी कादंबरी खोटी, असा लावायला मी तयार नाही. हंगाम संपला आणि तो पोरगा एके सकाळी बैलगाडीतून निघून गेला. कुठे गेला, पुन्हा कुठल्या शाळेत बसला की नाही, ह्याची त्या गाण्यात एक ओळ नाही. असायचे कारणही नाही. त्यासाठी कुणीतरी चारशे पाने लिहिलीच पाहिजेत. पण ती लिहिणाऱ्याला त्या पोराचे खांदेही दिसले पाहिजेत, हे मला तोवर सुचले नव्हते.

पुढे हिप-हॉपची जन्मकथा वाचनात आली आणि माझ्या निवाड्याचा आणखी एक खांब निखळला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या तरुणाने तबकड्या वाजवल्या. त्याच्या बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते. त्यासाठी पैसे जमावेत म्हणून तिने तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला होता. हे मूळ! लोक कुठल्या तुकड्याला जास्त नाचतात हे हर्कने हेरले आणि तोच तुकडा दोन तबकड्यांवरून लांबवत नेला. गरिबीचे, रस्त्यावरचे खडे बोल रॅपमध्ये ठळकपणे आले ते पुढे, १९८२ सालच्या 'द मेसेज'सारख्या गाण्यांतून. आमचे विल्यम आणि अ‍ॅलन हेही आधी नाचणारेच होते, बोलायला ते मागाहून लागले. म्हणजे नाचाकडे वळून ह्या मंडळींनी घर सोडले म्हणावे, तर ते ज्या घरात शिरले तेच त्यांचे जुने घर! आणि बहिणीच्या कपड्यांसाठी वाजवलेली तबकडी पवित्र, तर पाळण्यावरच्या छपरासाठी लिहिलेली कादंबरी तेवढी विकाऊ का, असाही एक आपमतलबी प्रश्न माझ्या मनात आला, हे लपवीत नाही.

पण मित्राचे म्हणणे सगळेच चूक होते काय? तसे म्हणून मला सुटता येत नाही. ह्याबाबतीत मला आमच्या वाड्याने शिकवले.

आजोबांच्या पश्चात वाड्याचे दोन भाग झाले. एक आमचा, एक काकांचा. काकांच्या ओसरीला रस्ता लागतो, म्हणून त्यांनी दुकान काढले. चांगले केले. दुकान चालू लागले तशी ओसरी अपुरी पडू लागली. त्यांनी मधली भिंत पाडून माजघर दुकानात घेतले. गिऱ्हाइकांची रीघ लागली आणि त्यांच्या भरभराटीचा आम्हाला हेवाही वाटला. पण काकू आजारी पडल्या तेव्हा त्यांचे अंथरूण घालायला घरात जागा राहिली नव्हती. दोन महिने त्या आमच्या माजघरात होत्या. काका रात्री दुकान बंद करून येत आणि उंबऱ्यापाशी बसत. बोलत काही नसत. एकदा मात्र भिंतीवरून हात फिरवीत म्हणाले, "दार मोठं केलं ते बरोबर होतं रे. भिंत पाडायला नको होती."

ती तबकडी मी पुन्हा ऐकली ती हे वाक्य डोक्यात घेऊन. माझे प्रामाणिक मत असे की, मंडळींनी दार फार मोठे केले आणि भिंतही बरीचशी पाडली. अगदी शेवटाकडे 'वन ट्राइब' नावाचे एक गाणे आहे, सारी माणसे एकाच जमातीची असे सांगणारे. तेवढा एक कोनाडा राहिला आहे. पण अ‍ॅलनच्या तागालोग गाण्यासारखी, पाय मुडपून बसावी अशी खोली मला तरी सापडली नाही. आणि एकदा पाडलेली भिंत पुन्हा घालणे सोपे नसते. फर्गी सोडून गेल्यावर मूळच्या तिघांनी २०१८ साली 'मास्टर्स ऑफ द सन' नावाची तबकडी काढली. तीत पुन्हा शब्द होते, पुन्हा जुना डौल होता. मी ती ऐकून हरखलो. पण २००९च्या मानाने ती फारच थोड्यांच्या कानी पडली. पुढच्याच वर्षी त्यांनी पुन्हा नाचाचे गाणे काढले आणि ते जगभर वाजले. ह्यात त्यांना हसावे असे मला वाटत नाही. काका उंबऱ्यावर बसलेले मला आठवतात.

मात्र मोठ्या दाराने आलेला माणूस दुकानातूनच परत जातो, असेही नाही. आमची कन्या त्या नाचाच्या गाण्यावरच वाढली. शाळेतल्या प्रत्येक पिढीला ते कुणीतरी शिकवतेच. दोन वर्षांपूर्वी ती रात्री माझ्यापाशी आली आणि फोनमधला एक कान माझ्या कानात घालून म्हणाली, "बाबा, ह्यांचं हे जुनं ऐकलंय का?" ते २००३ सालचे युद्धाविषयीचे गाणे होते. ती ज्या वाटेने तिथे पोचली, त्या वाटेला मी आणि माझा मित्र पंधरा वर्षे शिव्या देत होतो.

आणि ह्या श्रावणात एक दुपारी दारात मित्राची पत्नी उभी! हातात पिशवी. मी एकदम उभा राहिलो. पंधरा वर्षांत ती आमच्याकडे आली नव्हती.

"भाऊजी, तुमचं पहिलं पुस्तक परत करायला आले," ती म्हणाली. "ह्यांच्या कपाटात होतं. ह्यांनी पानापानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, तेही वाचलं. महिना लागला मला."

"कंटाळा आला असेल," मी म्हणालो.

"रडू आलं. मधे दोनदा मिटून ठेवलं होतं. मग म्हटलं, त्या दुपारच्या पुस्तकात ह्या माणसानं आपल्याला इतकं हसवलं, तो उगीच रडवणार नाही. म्हणून पुढं वाचलं."

ती गेल्यावर मी पुस्तक उघडले. समासात मित्राचे बारीक, गणिती अक्षर होते. कुठे 'छान', कुठे 'हे लांबले', कुठे नुसतेच उद्गारचिन्ह. शेवटच्या पानावर लिहिले होते, 'पोरगं एकदाही हसत नाही. का?' खाली तारीख २००६ सालची. माझ्या आधी तीन वर्षे त्याला ते दिसले होते आणि त्याने मला ते सांगितले नव्हते. कदाचित सांगायलाच येत होता, पण तेवढ्यात माझी गृहनिर्माण संस्था मध्ये आली.

मी त्याला फोन केला. काय बोलावे ते ठरवले नव्हते. शेवटी एवढेच म्हणालो, "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ये. उसळ-भाकरी आहे."

"कसली उसळ?"

"चवळीची."

पलीकडून बराच वेळ काही आले नाही. मग तो हसला. "साखर घालणार नाहीस ना?" म्हणाला.

माझ्या कपाटात एक हस्तलिखित आहे. पुष्कळ वर्षे लिहितो आहे. प्रकाशक म्हणतात, एका दुपारी संपेल असे काही द्या. हे एका दुपारी संपणारे नाही. पुन्हा उसाचा फड आहे, पुन्हा खोपट आहे. पण दार मी थोडे मोठे ठेवले आहे. पहिल्या पन्नास पानांत एक बैल विहिरीत पडतो आणि सारा गाव त्याला काढताना जी गंमत करतो, ती वाचून सौ.ला हसू आवरले नाही. आणि ते पोर ह्या खेपेला दोनदा हसते. मित्र उसळ खाऊन तृप्त झाला की ते बाड मी त्याच्यापुढे ठेवणार आहे, शेजारी टोक केलेली पेन्सिल.

हे सारे आठवीत मी परवा स्वयंपाकघरात किती वेळ उभा होतो कोण जाणे. भानावर आलो तेव्हा कन्या विचारत होती, "बाबा, किती माणसांची भिजत घालायची?"

"नेहमीपेक्षा दोघांची जास्त," मी म्हणालो.

"आणि आता बाहेर व्हा," सौ. म्हणाली, "चकल्या तळायच्यात."